भुताचं घर गडावर नाही

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळी दुकान आवरायच्या वेळेला तीन पोरं आली. बावीस-तेवीसच्या वयाची. शूटिंगला लाइटचं सामान भाड्यानं द्यायचा माझा धंदा, त्यामुळं अशी पोरं येतात. लग्नांचे व्हिडिओ करून साठवलेल्या पैशांत यांना सिनेमा काढायचा होता. भयपट. जुन्या किल्ल्यात पाच मित्र अडकतात आणि एका रात्रीत एकेक जण नाहीसा होतो, अशी गोष्ट. बजेट विचारलं. "काका, सगळं धरून पावणेचार लाख. त्यात जेवण पण आलं." मग एकानं आवाज खाली आणला. "पन्हाळ्यावर चार रात्री करायचंय. परवानगीच्या भानगडीत पडत न्हाई. मागच्या अंगानं चढतो. बॅटरीवरचे लाइट द्या, जनरेटरचा आवाज नको."

मी लाइट दिले नाहीत. पण त्यांना परतही पाठवलं नाही. चहा मागवला आणि दोन तास बसलो. त्या दोन तासांत मी जे सांगायचा प्रयत्न केला ते तेव्हा नीट जमलं नव्हतं, म्हणून आता लिहितोय. हा प्रश्न त्या तिघांपुरता नाही. हातात चांगला कॅमेरा असलेली, खिशात फारसं काही नसलेली पोरं आता प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि जुनी दगडी जागा दिसली की तिथं भुताचा सिनेमा करावा असं त्यातल्या निम्म्यांना वाटतंच. त्यांना काय सांगायचं, हे आपण ठरवलेलंच नाही. एक गट म्हणतो, गडावर असलं काही चालू देणार नाही. दुसरा म्हणतो, कलेला कसली बंदी. दोघांच्या मध्ये पोरं रात्री मागच्या अंगानं चढत राहतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कमी पैशांतल्या भयपटाला मी हलका मानत नाही. आपल्याकडं ऐतिहासिक सिनेमा म्हटलं की माणसं सावरून बसतात, कौटुंबिक म्हटलं की घरच्यांना घेऊन जातात आणि भुताचा म्हटलं की नाक मुरडतात. हे कोल्हापूरला तरी शोभत नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातांनी कॅमेरा जुळवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि ज्या गावानं त्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक उभारलं, त्या गावाला तुटपुंज्या सामानातून सिनेमा कसा होतो हे वेगळं शिकवायला नको. आणि या कंपनीचा पहिला मोठा सिनेमा कशानं गाजला? १९२० च्या 'सैरंध्री'तला कीचकवध इतका जिवंत उतरला होता की सेन्सॉरची कात्री लागली. म्हणजे कोल्हापूरच्या सिनेमानं जन्मतःच माणसांना घाबरवलं होतं.

भयपट हा गरिबाला परवडणारा सिनेमा आहे, आणि याचं कारण साधं आहे. त्याला नट कमी लागतात, जागा एक लागते आणि अंधार फुकट मिळतो. जर्मनीत १९२२ साली मुर्नाऊनं 'नोस्फेराटू' काढला तेव्हा त्याच्याकडं एकच कॅमेरा होता. सेट बांधायच्या ऐवजी तो आजच्या स्लोव्हाकियातल्या ओरावाच्या खऱ्या कॅसलवर गेला, आणि त्या कड्यावरच्या भिंतींनी अर्धं काम करून टाकलं. आपल्याकडं रामसे बंधूंनी १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरला नेला. भावांपैकी कुणी कॅमेरा धरला, कुणी आवाज घेतला, कुणी दिग्दर्शन केलं, घरच्या बायकांनी स्वयंपाक सांभाळला. अख्खं युनिट म्हणजे एक कुटुंब. त्यांना हसणारे पुष्कळ होते, पण खेड्यापाड्यातली टुरिंग टॉकीज भरली ती त्यांनी.

लाइटवाल्याच्या नजरेनं सांगतो. स्टुडिओतल्या प्लायवुडच्या भिंतीवर लाइट मारला की ती सपाट दिसते, कारण ती सपाट असतेच. तिला जुनी करायला रंगारी लागतो, दोन दिवस लागतात, पैसे लागतात. खऱ्या जुन्या भिंतीवर एकच लाइट जमिनीलगत आडवा ठेवला की प्रत्येक दगडाच्या कडेला सावली उभी राहते, चुन्याचे पोपडे दिसतात, ओलीचा डाग दिसतो. पावणेचार लाखवाल्याची खरी श्रीमंती ही भिंत असते. ती त्याच्याकडून काढून घेतली तर त्याच्याकडं काही उरत नाही. म्हणून 'जा, स्टुडिओत करा' असं सांगून आपण मोकळं होणं मला पटत नाही. पोरांना खरी जुनी जागा मिळाली पाहिजे. माझं भांडण फक्त कुठली जागा, याच्याशी आहे.

दुकानात बसून मी त्या पोरांना विचारलं, ही गोष्ट किल्ल्यातच का? एकानं फोनवर परदेशी सिनेमांची चित्रं दाखवली. डोंगरावरचा कॅसल, उंच मनोरे, लोखंडी दार, तळघर, मेणबत्त्या. "ह्येच आपल्याकडं किल्ला की काका."

इथंच चूक आहे, आणि ती भाषांतराची आहे. शब्दकोशात कॅसलचा अर्थ किल्ला असा दिलेला असतो, म्हणून आपण तो तसाच उचलला. पण गोष्टीतला कॅसल म्हणजे काय? तो एका सरदाराचं घर. त्याच्या भिंतींच्या आत तो, त्याचं घराणं, त्याची पापं. खाली गावात त्याची कुळं राबतात आणि संध्याकाळ झाली की वर बघायला घाबरतात. या साऱ्या प्रकाराची सुरुवात ज्या कादंबरीपासून मानतात, ती होरेस वॉल्पोलची १७६४ सालची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'. तिच्यात भूत कशासाठी येतं? आजोबानं दुसऱ्याचं राज्य बळकावलं, ते पाप नातवापर्यंत पोचलं आणि वाड्याच्या भिंती त्याचा हिशेब मागायला लागल्या, म्हणून. पुढं शंभर-दीडशे वर्षांत रक्त पिणारा काउंट ड्रॅक्युला आला. तो काय आहे? प्रजेचं रक्त पिणारा जमीनदारच तो, फक्त आता खरोखरचे दात लावलेला. युरोपातल्या शेतकऱ्याला कॅसलची भीती वाटायची कारण कॅसल त्याचा नव्हता. त्याच्या डोक्यावर बसलेला होता.

आता पन्हाळा घ्या. शिलाहार राजा दुसऱ्या भोजापासून आठशे वर्षं उभा असलेला गड. पुढं यादव, बहामनी, आदिलशाही, शिवशाही, करवीरची गादी, सगळ्यांचे हात त्याला लागले. आजही गडावर नगरपरिषद आहे, शाळा आहे, माणसांची घरं आहेत, झुणका-भाकरीचे स्टॉल आहेत. पावसाळ्यात धुकं उतरलं की समोरचा माणूस दिसत नाही, आणि कॅमेरावाल्याच्या तोंडाला पाणी सुटावं अशा जागा तर पावलोपावली. अंधारबावच घ्या. नावातच अंधार. तीन मजली बांधकाम, आत उतरत जाणाऱ्या पायऱ्या, खाली पाणी, भिंतीत बाहेर पडायची चोरवाट. त्या पोरांच्या पटकथेत शेवटचा प्रसंग इथंच होता. पण ही बाव अशी झाकून, बंदिस्त का बांधली? वेढा पडला की शत्रू आधी पाणी नासवतो. पाणी लपवायचं, पहाऱ्यात ठेवायचं म्हणून हा अंधार मुद्दाम केलेला आहे. तसाच अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्यांच्या जाड भिंतींमागं कैदी कोंडलेले नव्हते, धान्य साठवलेलं होतं. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत चालला तेव्हा माणसं जगली ती अशा कोठारांवर. कॅसलमध्ये जे जे अंधारं आहे ते माणसाला गिळायला आहे, गडावर जे जे अंधारं आहे ते माणसाला राखायला बांधलंय. दगड सारखा दिसतो म्हणून अर्थ सारखा होत नाही.

कुणी म्हणेल, गडावर काय सगळं चांगलंच घडलं? नाही. तिथं कैदखाने होते, कडेलोट झाले, फितुरी झाली. ते मी लपवत नाही, आणि त्यावर कुणी धाडसानं सिनेमा केला तर लाइट मी देईन. पण भूत ही वेगळी गोष्ट आहे. भूत कोण होतं, याचा आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या विचार केलाय. मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. अडलेला, अपुरा राहिलेला, ज्याला न्याय मिळाला नाही तो मागं राहतो. लढताना पडलेला मागं राहत नाही. त्याचा वीरगळ होतो. आपल्या करवीर तालुक्यात बीडला जाऊन बघा, किती वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत तो लढतोय, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, वर तो शिवाच्या पूजेला बसलाय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेत. ज्या माणसांनी हे दगड कोरले त्यांनी युद्धातल्या मरणाचा प्रश्न त्यांच्या परीनं सोडवून टाकला होता. शिवा काशीद वेढ्यात महाराजांचं सोंग घेऊन गेला आणि मारला गेला. तो भूत होऊन फिरतोय असं गडाखालच्या कुठल्या म्हातारीनं कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्याच्या समाधीपुढं माणसं चप्पल काढतात. तिथं तुम्ही पांढरी साडी आणि वळलेली मान आणलीत तर बघणारा घाबरणार नाही. तो चिडेल, आणि चिडलेल्या माणसाला भीती वाटत नसते. म्हणजे पोरांचा सिनेमा सिनेमा म्हणूनसुद्धा फसतो. माझा पहिला आक्षेप हाच आहे, अस्मितेचा नंतर.

दुसरा आक्षेप डोळ्यांनी बघितलेला आहे. काही वर्षांपूर्वी मी एका गडावर (नाव लिहीत नाही) सहलीला गेलो होतो. तिथल्या एका देवडीत, भिंतीतल्या कोनाड्याच्या वर हातभर काजळीचा पट्टा होता. खाली मेणाचे ओघळ, आणि दोन दगडांच्या मधल्या सांध्यात ठोकलेला सहा इंची खिळा. लाइट टांगायला ठोकलेला. मी ओळखला, कारण तसे खिळे मी आयुष्यभर ठोकत आलोय, प्लायवुडमध्ये. लोकांना वाटतं, एवढ्या मोठ्या दगडाला खिळ्यानं काय होणार. दगडाला होत नाही, चुन्याला होतं. सांध्यातला जुना चुना एकदा फुटला की पाणी आत शिरतं, त्या ओलीत पिंपळाचं बी रुजतं, मूळ जाडावलं की दगड पुढं ढकलला जातो आणि पाच-दहा पावसाळ्यांनंतर बातमी येते, बुरूज ढासळला. तो खिळा ठोकणारा तोवर दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमावर असतो. मी तो खिळा ओढून बघितला. आला नाही. जोर लावला असता तर अजून चुना पडला असता, म्हणून सोडून दिला.

कायदा याबाबत गप्प नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली संरक्षित वास्तूवर शूटिंगला परवाना लागतो, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर वास्तूची हानी करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. जबाबदारी वाढली, कमी झाली नाही. आणि इतिहास म्हटलं की माणसांची मनं किती पटकन पेटतात तेही आपण बघितलंय. मार्च २०१७ मध्ये पन्हाळ्याजवळ मसाई पठारावर एका मोठ्या हिंदी चित्रपटाचा सेट रात्री जाळला गेला. ती गुंडगिरी होती, तिचं समर्थन होऊ शकत नाही. मोठ्या कंपनीनं तो तोटा सोसला. पावणेचार लाखवाल्या पोरांवर तशी वेळ आली तर ती आयुष्यातून उठतील.

मग भयपटावर गडबंदी करा, असं मी म्हणतोय का? नाही. सरकारनं विषय बघून परवानगी नाकारावी, हे मला मान्य नाही. आज भूत नको म्हणाल, उद्या शेतकऱ्याचा मोर्चा नको म्हणाल. दिवसाउजेडी रीतसर परवाना घेऊन जो जाईल त्याला विषय न विचारता एकच नियम लागू व्हावा. मशाल नाही, धूर नाही, खिळा नाही, सांध्यावर कुठलंही वजन नाही. हा नियम ऐतिहासिक सिनेमावाल्यांनाही तितकाच लागू हवा, कारण भगव्या झेंड्याच्या काठीसाठी ठोकलेल्या खिळ्यानंसुद्धा चुना फुटतोच. मी बोलतोय ते सरकारशी नाही, सिनेमा काढणाऱ्या पोरांशी. तुमचं भूत तिथं राहत नाही, हे त्यांना सांगायचंय.

मग ते राहतं कुठं?

कॅसल म्हणजे सरदाराचं घर असेल, तर आपल्याकडं त्याला गढी म्हणतात. वाडा म्हणतात. देशमुखाची, इनामदाराची, सावकाराची, पाटलाची गढी. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढरीच्या मातीच्या हात-दोन हात जाड भिंती, कोपऱ्यांना बुरूज, एकच मोठा दरवाजा आणि त्यात एक बुटकी दिंडी, जिच्यातून आत जाताना कुणालाही मान वाकवावीच लागते. आत देवडी, चौक, सोपा, माजघर, धान्याचं बळद, परसात आड. गावातल्या माणसांनी त्या दिंडीतून पिढ्यान्‌पिढ्या मान वाकवली. कर्जाच्या कागदावर अंगठा उठवायला ते तिथं गेले. सुना त्या आडाच्या काठावर उभ्या राहिल्या आणि काही परत आल्या नाहीत. न्याय न मिळालेली, अपुरी, अडलेली माणसं इथं आहेत. आपल्या गावांत 'तिकडून रात्री जाऊ नको' असं आई पोराला सांगते ते गडाबद्दल सांगत नाही. पडक्या वाड्याबद्दल सांगते.

कोल्हापूरच्या सिनेमाला हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो, एवढीच गोष्ट. त्यातलं अंधुक उजेडातलं झोपडं आणि तिथं विव्हळणारं कुत्रं, याची आठवण पुढच्या सिनेमावाल्यांनी सांगून ठेवली आहे. मूकपट होता, कुत्र्याचा आवाज ऐकू येत नव्हता, तरी लोकांना तो ऐकू आला. त्यात भूत नाही, पण भीतीचं घर कुठं आहे ते त्या माणसानं बरोबर ओळखलं होतं.

अलीकडचे दाखलेही तेच सांगतात. २०१८ चा 'तुंबाड' काही छोट्या बजेटचा म्हणता येणार नाही, पण त्याचा वाडा सासवडच्या पुरंदऱ्यांचा, आणि त्याच्यातलं भय एका घराण्याच्या हावेचं. 'लपाछपी' हा तर मराठीतला छोटा सिनेमा. एक घर आणि भोवती उसाचा फड, बस. जिथं बघाल तिथं ऊसच ऊस, वाट सापडत नाही. त्यावरून पुढं हिंदीत 'छोरी' निघाला. उसाच्या फडात चकवा लागतो ही गोष्ट आमच्या पंचगंगेकाठच्या कुठल्याही पोराला सांगायला लागत नाही, पण सिनेमा करताना तो ते विसरतो आणि मेणबत्त्या घेऊन गडाकडं चालायला लागतो.

वाड्याची भीती एकाच बाजूची नाही, हेही लिहिलं पाहिजे. १९४८ साली गांधीजींच्या खुनानंतर याच भागात वाडे जाळले गेले. आपल्या गावात भालजींचा जयप्रभा स्टुडिओसुद्धा त्या आगीत सापडला. एका रात्रीत उठून निघून गेलेल्या कुटुंबांची घरंही वाड्यांच्या यादीत आहेत. ज्यांना वाड्याची भीती वाटत होती ती माणसं आणि ज्यांच्यावर वाडा सोडायची वेळ आली ती माणसं, दोघांचीही गोष्ट त्याच भिंतीत आहे. एवढी दाट, एवढी आपली, एवढी न बोललेली गोष्ट दुसऱ्या कुठल्या जागेत आहे ते मला दाखवा.

काही जाणती माणसं म्हणतील, शाहू महाराजांच्या आणि कॉम्रेड पानसरेंच्या गावात भुताच्या गोष्टींचा पुरस्कार कसला करता? त्यांना मी आदरानं सांगतो, सिनेमा तिकीट लावून सांगतो की ही गोष्ट आहे. दिवे लागले की ती संपते. मला भीती वाटते ती दुसऱ्या प्रकारची. हातात फोन धरून 'या गडावर रात्री बारा वाजता खरंच आवाज येतो' असं खरं म्हणून सांगणाऱ्या क्लिपांची. ती कला नाही, ती गावावर आणि गडावर घेतलेली आळ आहे. जादूटोणाविरोधी कायदा आपण २०१३ साली केला तो फसवणुकीविरुद्ध केला, कल्पनेविरुद्ध नाही. म्हणून पोरांना मी एक अट घालतो. गोष्टीतल्या जागेला खऱ्या गावाचं, खऱ्या घराण्याचं नाव द्यायचं नाही.

आता व्यवहाराचं. गढ्या आणि वाडे आहेत, पण ते मिळत का नाहीत? कारण प्रत्येकाच्या मिळकत पत्रिकेवर दहा-वीस नावं असतात. आजोबांच्या नावावरचा वाडा, चार भावांचे वारस, त्यांची मुलं, एक बहीण सांगलीला, एक पुतण्या पुण्यात, एकाचा दुसऱ्यावर दावा. घर कुणीच दुरुस्त करत नाही कारण खर्च एकाचा आणि हिस्सा सगळ्यांचा. पहिल्या पावसाळ्यात कौलं सरकतात, दुसऱ्यात तुळई कुजते, तिसऱ्यात मातीची भिंत बसते. मग एक दिवस सगळ्यांचं एकमत होतं, ते बिल्डरला द्यायचं. सागवान उचलून नेतात आणि नक्षीचा खांब कुठल्या तरी हॉटेलच्या दारात उभा दिसतो.

सिनेमाच्या भाड्यानं वाडा वाचेल असा भाबडा दावा मी करणार नाही. पण वसगड्याचं उदाहरण समोर आहे. 'तुझ्यात जीव रंगला' मालिकेचं शूटिंग तिथल्या वाड्यात झालं आणि लांबलांबून माणसं ते घर बघायला येऊ लागली. गर्दीचा त्रास होऊन गावात कुरबुरीही झाल्या, तेही खरं. त्यातून शिकायचं ते एवढंच, की जुन्या घराला लोक किंमत देतात, फक्त आधी गावाला विचारून, वेळ आणि माणसं ठरवून घ्यायला हवीत. तालुक्यातले कुठले वाडे शूटिंगला देता येतील याची एक यादी जिल्ह्यानं करावी. मजला वजन पेलतो का ते इंजिनिअरनं बघावं, धोक्याच्या खोल्यांना कुलूप लावावं. भाड्यातला ठरलेला भाग त्याच घराच्या कौलांवर खर्च व्हावा, वारसांच्या खिशात आधी जाऊ नये. हे काम कुठल्या मोठ्या योजनेचं नाही. एक कारकून आणि एक रजिस्टर पुरेल.

आणि ज्याला वाडा नाहीच मिळणार त्याच्यासाठी मोरेवाडीची चित्रनगरी आहे. तिथं एखाद्या मोठ्या निर्मितीनं उभारलेला वाड्याचा सेट शूटिंग संपल्यावर लगेच पाडू नये. पुढचे पंधरा दिवस छोट्यांना नाममात्र दरात द्यावा. अमेरिकेत रॉजर कॉर्मननं १९६३ साली असंच केलं होतं. आधीच्या सिनेमाचा कॅसलचा सेट पाडायच्या आत, बोरिस कारलॉफला दोन-चार दिवस हाताशी धरून त्यानं 'द टेरर'चे प्रसंग उरकले. सिनेमा काही महान नाही, पण त्या उरल्यासुरल्या लाकडावर पुढं मोठी झालेली पोरं शिकली.

त्या तिघांना मी दुसऱ्या रविवारी माझ्या ओळखीच्या एका गढीवर घेऊन गेलो. गाव सांगत नाही. दरवाजाचा एक फाळका गळून पडलेला, दुसरा अडसरासकट उभा. चौकात एरंड माजलेला. पण सोप्याचे खांब अजून ताठ, आणि माजघरात शिरल्यावर बाहेरचा दिवस एकदम बंद झाल्यासारखा झाला. पोरं बोलायची थांबली. मी खिशातला छोटा एलईडी लावून बळदाच्या तोंडाशी जमिनीवर ठेवला. मातीच्या भिंतीवर सारवणाच्या हाताच्या रेघा उभ्या राहिल्या, अर्धवट गोल, एकाखाली एक, खांद्याच्या उंचीपासून थेट जमिनीपर्यंत. कुणा बाईनं, बहुतेक शंभर वर्षांपूर्वी, हात फिरवलेला तसाच होता. कॅमेरावाला पोरगा खूप वेळ त्याच्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, हिचीच गोष्ट करावी का?"

त्या घरात आता एकच आजी राहतात, मागच्या दोन खोल्यांत. आम्हाला त्यांनी ताक दिलं. सिनेमा कसला, म्हणून विचारलं. पोरं अडखळली. शेवटी एकानं खरं सांगितलं, भुताचा. आजी म्हणाल्या, "मग त्या आडाजवळचं पण काढा. माझ्या चुलत सासूबाई त्यातच गेल्या. कुणी त्यांचं नाव घेत न्हाई." त्यांनी आम्हाला ते नाव सांगितलं. सिनेमात ते येणार नाही, पोरांनी तसं कबूल केलंय. पटकथा मात्र त्या दिवसापासून बदलली. पाच मित्र गेले, मेणबत्त्या गेल्या.

परवानगीच्या कागदावर चौदा वारसांच्या सह्या हव्या आहेत. आजींची पहिली झाली, थरथरत्या अक्षरात. आजवर अकरा आल्या. दोघं पुण्यात आहेत, त्यांच्याकडं कागद पाठवलाय. चौदावा वारस चैत्रात गावच्या जत्रेला येतो म्हणतात, तेव्हा गाठायचा आहे. लाइट मी काढून ठेवलेत.